चायना ग्रासची कुळकथा

परवा एकादशीला आमच्या घरी एक पेचप्रसंग उभा राहिला. धाकट्या जावेच्या मुलाचा वाढदिवस नेमका त्याच दिवशी आला. केक हल्ली गल्लीच्या कोपऱ्यावरही मिळतो, पण अर्धं घर उपासाचं. मंठ्याचा उन्हाळा तर तुम्हाला सांगायलाच नको! दुपारी स्वयंपाकघरात उभं राहिलं की आपणच शिजतोय असं वाटतं. म्हणून म्हटलं, दुधाच्या थंडगार वड्या कराव्यात, म्हणजे मुलंही खूश आणि उपासवालेही खूश. चायना ग्रासचं पुडकं फोडून मी पातेल्यात भिजत घातलं, तोच सासूबाई ओट्याशी आल्या.

"काय शिजवायलीस गं?"

"चायना ग्रास, आई. दुधाच्या वड्या करते."

"उपासाला चालतं व्हय हे?"

"चालतं की. समुद्रातली वनस्पती आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. 'समुद्रातली' म्हटल्याबरोबर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "समुद्रातलं म्हंजे मासोळीच्याच जातीचं की मग!"

मी वाद घातला. म्हटलं, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिकडचाच, शेंगदाणेही तिकडचेच, आणि आपण भक्तिभावाने खातोच ना? आणि मीठ? ते तर समुद्राचंच! यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर मी उपासाला शेंदेलोण वापरते." आता यावर काय बोलणार? त्यांची वाटी झाकून द्वादशीसाठी बाजूला ठेवली.

पण मनात किडा वळवळत राहिला. मी एका शाळेत तासिकेवर इतिहास-भूगोल शिकवते. मुलांना 'माहीत नसेल ते शोधा' असं बजावायचं आणि आपल्याच पातेल्यात काय विरघळतंय ते माहीत नाही, हे बरं नव्हे. म्हणून सुट्टीत चायना ग्रासची कुळकथा खणून काढली. मैत्रिणींनो, निघालं ते चकित करणारं होतं.

पहिली गंमत म्हणजे हे 'चायना'ही नाही आणि 'ग्रास'ही नाही. समुद्रातल्या खडकांवर लालसर रंगाचं शेवाळ वाढतं. ते उकळून त्याचा अर्क काढतात, गोठवतात, वाळवतात, तो हा पदार्थ. त्याचं 'अगर' हे नाव मलाया-जावाकडचं. पुष्कळजणी त्याला जिलेटिन समजतात, तो मात्र मोठा गैरसमज. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. तयार जेलीच्या पाकिटात कधी कधी तेच असतं, तेव्हा शाकाहारी घरांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्यावं.

शेवाळ म्हटलं की आपल्याला हौदाच्या कडेची घसरडी घाण आठवते. पण आपल्याकडच्या लोणारच्या सरोवराचं पाणी हिरवं दिसतं तेही सूक्ष्म शेवाळामुळेच. (२०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, तो प्रताप मात्र खारं पाणी आवडणाऱ्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचा.) त्याच लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायचं साहित्य सापडतं, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. आणि योगायोग बघा, काच-साबणाला लागणारा हाच सोडा मिळवायला अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची गरीब कुटुंबं समुद्रशेवाळ गोळा करून जाळत असत. धूर त्यांच्या डोळ्यात, पैसा जमीनदाराच्या पेटीत. पुढे बाहेरून स्वस्त सोडा येऊ लागला, धंदा बसला, आणि अनेकांना गाव सोडावं लागलं. शेवाळाच्या व्यापाराची ही चाल तेव्हापासूनची. अशाच राखेवर काम करताना १८११ मध्ये कूर्त्वा नावाच्या फ्रेंच माणसाला आयोडीन सापडलं. गलगंड होऊ नये म्हणून आज आपल्या मिठात घालतात तेच.

चायना ग्रासचा जन्म मात्र जपानमधला, आणि तोही उरल्यासुरल्या अन्नातून! गोष्ट अशी सांगतात की, १६५८ च्या सुमारास क्योटोजवळच्या फुशिमी इथे मिनोया तारोझाएमोन नावाचा खानावळवाला होता. शेवाळाच्या खळीचा एक पदार्थ त्याच्याकडे करत. एकदा उरलेला पदार्थ त्याने बाहेर टाकून दिला. थंडीचे दिवस. रात्री तो गोठला, दिवसा वितळून त्यातलं पाणी निघून गेलं, आणि काही दिवसांनी मागे राहिल्या हलक्या, कोरड्या पट्ट्या. त्या परत उकळल्या तर पुन्हा छान खळ तयार! झालं, वर्षभर टिकणारा माल हाती आला. बाजारात आपल्याला जे पांढरे धागे मिळतात ते याच युक्तीचे वंशज. शिळंपाकं वाया जाऊ न देणाऱ्या आपणा बायकांना या खानावळवाल्याचं कौतुक वाटायला हरकत नाही, जरी त्याने ते आधी टाकून दिलं होतं!

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. १८८१ साल, देश जर्मनी. वॉल्टर हेस्से नावाचे एक डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. रोगजंतू वाढवायचे तर त्यांना खायला घालून बशीत ठेवावं लागतं, आणि त्यासाठी वापरत जिलेटिन. उन्हाळा आला की जिलेटिन वितळे. काही जंतू तर ते पचवूनच टाकत. डॉक्टरसाहेब वैतागले. त्यांच्या पत्नी फॅनी घर सांभाळून त्यांना कामात मदत करत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जंतूंची चित्रंही काढून देत. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुझी पुडिंगं उन्हाळ्यातही कशी गं टिकतात?" फॅनीबाई न्यूयॉर्कला वाढलेल्या. तिथे जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून त्या लहानपणी अगर वापरायला शिकल्या होत्या. त्यांनी सांगितलं, "अगर घालून बघा."

घालून बघितलं आणि काम फत्ते झालं. १८८२ च्या मार्चमध्ये कॉखसाहेबांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला. त्या लेखात अगरचा उल्लेख आहे, फॅनीबाईंचा नाही. हेस्से कुटुंबाला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, आणि १९३४ मध्ये फॅनीबाई वारल्या. आज आपण लघवीचं 'कल्चर' करून आणतो ना, तेव्हा प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या बशीत बहुधा अगरच असतो. शेजारणीने शेजारणीला सांगितलेली स्वयंपाकघरातली एक युक्ती! आपण दारात उभ्या राहून बोलतो त्याला 'चकाट्या पिटणं' म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं. आमच्या ह्यांना मी ऐकवलं. ते वर्तमानपत्राआडून 'हूं' म्हणाले.

दुसऱ्या एका बाईंची गोष्ट वाचताना मात्र मी जरा थबकले. कॅथलीन ड्र्यू या मँचेस्टरच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. १९२८ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला तिथे नोकरीवर ठेवत नसत. काम करायचंच असेल तर बिनपगारी करा! बाईंनी केलं. जपानी लोक 'नोरी' नावाचं शेवाळ रोज खातात, भाताच्या गुंडाळीभोवती लावतात ते. त्याचं बी नेमकं कुठून येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पीक आलं तर आलं, सगळा नशिबाचा खेळ. महायुद्धानंतर ते पीक पार बुडालं. इकडे ड्र्यूबाईंनी इंग्लंडमध्ये शोधून काढलं की ही वनस्पती आयुष्याचा एक भाग शिंपल्यांच्या कवचात दडून काढते. १९४९ मध्ये हे छापून आलं, आणि जपानी शास्त्रज्ञांनी त्यावरून बी तयार करायची रीत बसवली. बाई १९५७ मध्ये गेल्या. जपान त्यांनी कधी पाहिलंही नाही. पण तिथल्या उतो गावी १९६३ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं, आणि दर १४ एप्रिलला लोक तिथे जमून त्यांना 'समुद्राची आई' म्हणून वंदन करतात.

मी बी.ए. झाले, बी.एड.चा अर्ज भरला आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. तक्रार म्हणून सांगत नाही. पण 'तासिका' या शब्दाचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्या मैत्रिणींना कळेल, मी का थबकले ते.

असो. आता आपल्या देशात येऊ, कारण खरा धंदा इथेच बघण्यासारखा आहे.

मी हे सगळं रात्री जेवताना सांगत होते. रामेश्वराजवळच्या मंडपम गावाचं नाव निघालं तशा सासूबाईंनी मान वर केली. काही वर्षांपूर्वी त्या भजनी मंडळाबरोबर रामेश्वरच्या यात्रेला गेल्या होत्या. म्हणाल्या, "पांबनच्या पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला बाया काळं काळं काहीतरी वाळू घालायल्या होत्या. मी म्हटलं, इथं कडबा कुठून आला?" तो कडबा म्हणजेच शेवाळ!

तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर १९६६ पासून व्यापारासाठी शेवाळ काढतात, आणि काढतात त्या मुख्यतः कोळ्यांच्या बायका. अगर ज्यापासून होतं त्या शेवाळाला त्या 'मरिकोळुंदु' म्हणतात. तमिळमध्ये मरिकोळुंदु म्हणजे आपला दवणा. केसांत माळायच्या दवण्याचं नाव त्यांनी खडकावरच्या शेवाळाला दिलं, कारण ते दिसतं तसंच, बारीक पिसासारखं. साडीवर पुरुषी सदरा चढवायचा, डोळ्याला चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, पायाला रबराच्या चपला बांधायच्या, कमरेला जाळीची पिशवी. मग श्वास कोंडून बुडी मारायची आणि खडकावरून शेवाळ खुडायचं. खडक धारदार असतात. चिंध्या असूनही बोटं कापतात, आणि कापलेल्यावर खारं पाणी! वर येऊन पिशवी होडीत रिकामी करायची की पुन्हा खाली. किनाऱ्यावर आणून वाळवायचं, कचरा निवडायचा, आणि व्यापाऱ्याला किलोवर द्यायचं. पुढे तो माल मदुराईकडच्या कारखान्यांत जातो, तिथे धुऊन, उकळून, गोठवून त्याचे पांढरेशुभ्र धागे होतात. दर मात्र बुडी मारणारीच्या हातात नसतो. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईचं काय होतं? तस्संच.

त्यात १९८६ मध्ये तिथल्या समुद्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकवीस बेटांभोवतीची प्रवाळं जपायला हवीत हे खरंच. पण ज्यांच्या आज्या-पणज्या तिथे जात आल्या, त्या बायका एका दिवसात 'बेकायदा' झाल्या. होड्या अडवणं, दंड, माल जप्त, असे प्रकार सुरू झाले. तेव्हा या बायकांनी नुसती रडारड केली नाही. त्यांनी गावागावांत बैठका घेऊन स्वतःच नियम केला: महिन्यातून बाराच दिवस समुद्रात उतरायचं, अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे, आणि शेवाळ मुळापासून न ओरबाडता नुसतं वरचं खुडायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. मेथी खुडताना आपण करतो तसं. या बायकांच्या पुढारी, चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती, यांना २०१५ मध्ये 'सीकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पारितोषिक मिळालं. ते घ्यायला त्या अमेरिकेला जाऊन आल्या.

याच किनाऱ्यावर दुसरा धंदा उभा राहिला तो शेवाळाच्या शेतीचा, आणि तो आणला कोणी, तर चक्क पेप्सी कंपनीने! भावनगरला १९५४ मध्ये स्थापन झालेली मीठ व सागरी रसायनांची एक सरकारी संशोधन संस्था आहे. तिने परदेशातून आणलेलं 'कप्पाफायकस' जातीचं शेवाळ आपल्या पाण्यात वाढवायची रीत बसवली होती. २००० च्या सुमारास पेप्सीने ती घेतली आणि मंडपमच्या बचत गटांना हाताशी धरलं. पद्धत सोपी. बांबूचा तीन मीटर लांब-रुंद तराफा करायचा, त्याला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, आणि तराफा किनाऱ्यालगत नांगरून ठेवायचा. एका तराफ्याला ६० किलो बियाणं लागतं. ४५ दिवसांत त्याचं चौपट होतं. त्यातलंच पुढच्या लावणीला ठेवायचं, बाकी वाळवून विकायचं. ना नांगर, ना खत, ना पाऊस. कोरडवाहू शेतीत आयुष्य गेलेल्या आपल्याला हे ऐकून हेवाच वाटतो! बुडीपेक्षा हे काम किती तरी सोपं. तुकडे बांधायचं काम बायका वाळूत बसून, गप्पा मारत करतात.

पण शेती म्हटली की शेतीचे भोग आलेच. २००८ मध्ये पेप्सीने यातून अंग काढून घेतलं आणि त्यांच्याच माणसांनी उभारलेल्या 'अ‍ॅक्वाअ‍ॅग्री' कंपनीने धंदा पुढे चालवला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तक्रार केली की हे परकं शेवाळ जवळच्या कुरुसडै बेटावरच्या प्रवाळांवर पसरतंय. मग २०१३-१४ च्या सुमारास समुद्राचं पाणीच तापलं आणि तराफ्यांवरचं शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. उत्पादन एकदम खाली आलं, कित्येक गटांच्या बायका परत बुडीला लागल्या. त्याच त्या तुकड्यांपासून वर्षानुवर्षं लावणी केल्याने बियाणंही थकलं होतं. २०२० मध्ये केंद्र सरकारने मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले, आणि २०२४ मध्ये बाहेरून नवं बियाणं आणण्याचे नियम काढले. आपल्या कोकणातही प्रयोग झालेत. पण तिथला पावसाळा आडवा येतो. जूनपासून चार महिने लाटा तराफे मोडतात आणि नद्यांचं गोडं पाणी समुद्रात येतं.

तुम्ही म्हणाल, एवढं पिकवतात ते जातं कुठे? या दुसऱ्या शेवाळापासून चायना ग्रास होत नाही, 'कॅराजिनन' नावाची खळ होते. सकाळच्या टूथपेस्टला घट्टपणा येतो, आइस्क्रीम खरखरीत होत नाही, त्यात पुष्कळदा तिचा हात असतो. आणि ताज्या शेवाळाचा जो रस निघतो तो बाटलीत भरून पिकावर फवारायला विकतात. इफको या खतांच्या सहकारी संस्थेची 'सागरिका' म्हणतात ती हीच. हे वाचलं आणि मी उठून मागच्या पडवीत गेले. भाऊजींनी सोयाबीनसाठी आणलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत एक तीच होती! समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही त्या मंठ्याच्या शिवारात समुद्राचं पाणी पोचलंय, आणि आम्हाला पत्ताच नाही. भाऊजींना मी एवढंच सांगितलं की हे टॉनिक आहे, खत नाही. २०२१ पासून सरकारने अशा टॉनिकांना नियमाखाली आणलंय, तेव्हा बाटलीवरचा मजकूर आणि पावती बघून घ्या, आणि दुकानदार 'खताऐवजी हेच मारा' म्हणाला तर ऐकू नका.

आता वड्यांचं राहिलंच की! दहा ग्रॅमचं पुडकं अर्धा लिटर दुधाला घेतलं तर सुरीने कापता येतील अशा वड्या होतात. मऊ हव्या असतील तर पाऊण लिटर दूध घ्या. धागे अर्धा तास भिजवून वाटीभर पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, एकही धागा दिसता कामा नये. दूध गरमच असावं, थंड दुधात ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. लिंबू किंवा आंबट रस घालायचा असेल तर गॅसवरून उतरवल्यावर घाला, आंबटासकट उकळलं की पकड सुटते. फ्रिज नसला, वीज गेली, तरी घाबरू नका. हे चाळीस अंशांच्या खाली आलं की आपोआप बसतं. पण मंठ्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघरच चाळीसच्या वर, म्हणून ताट माठातल्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायचं. एकदा बसलं की मग उन्हाने वितळत नाही, फॅनीबाईंची साक्ष आहे.

द्वादशीला सकाळी सासूबाईंनी झाकलेली वाटी काढली. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, "रामेश्वराच्या समुद्रातलं हाय, हे आधी सांगायचं न्हाई का? मग कालच खाल्लं असतं."

थोड्या वेळाने वाटी धुवायला आणली तेव्हा त्यांनी माझा हात धरून बोटं पाहिली. "त्या बाया चिंध्या बांधतेत म्हणालीस, रबरी हातमोजे न्हाईत व्हय त्यांच्याकडं?"

मला सांगता आलं नाही.